ब्लोअरच्या ट्रॅक्टरवरचा माझा पहिला हंगाम

आमची बाग निफाड तालुक्यात आहे. 4 एकर थॉमसन जातीची द्राक्षे, वाय पद्धतीची मांडणी आणि दोन ओळींमध्ये 9 फुटांचे अंतर. एवढ्या जागेतून वेलींना धक्का न लावता जाईल असा 24 हॉर्सपॉवरचा अरुंद डिझेल ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे ओढला जाणारा 600 लिटरचा ब्लोअर (पंख्याच्या झोताने औषध फवारणारे यंत्र) नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अनेक वर्षे स्वतः चालवला. एका सप्टेंबरात त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि पुढचे काही महिने क्लच दाबायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. भाऊ नोकरीनिमित्त बाहेरगावी, मी घरीच आणि फवारणीची वही अनेक वर्षे माझ्याच हातची; त्यामुळे ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर ट्रॅक्टर शिकायचा निर्णय मी घेतला. आधी महिनाभर आम्ही रोजंदारीवर एक चालक लावला होता. त्याचे काम पाहूनच मला कळले की हे यंत्र दुसऱ्याच्या भरवशावर सोडण्यासारखे नाही.

परवान्याचा भाग सोपा होता. माझ्याकडे फक्त दुचाकीचा परवाना होता. कायद्याने 7,500 किलोपर्यंत रिकामे वजन असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो, म्हणून मी त्या वर्गाचा शिकाऊ परवाना काढला, 30 दिवस थांबले आणि मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर चाचणी दिली. मात्र मोटारीवर शिकलेले ट्रॅक्टरवर फारसे उपयोगी पडत नाही. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकांसाठी ब्रेकचे दोन वेगळे पेडल असतात, म्हणजे बांधावर वळताना एकच चाक धरता येते. रस्त्यावर येण्यापूर्वी ते दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडलेच पाहिजेत, नाहीतर वेगात एकच ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो. ही कडी लावल्याशिवाय नाना मला फाटकाबाहेर जाऊ देत नसत.

पहिला आठवडा नानांनी मला सीटवर बसूच दिले नाही. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि मी बंद ट्रॅक्टरभोवती फिरत असे. सपाट जागेवर उभा आहे ना, हे आधी पाहायचे. मग ऑइलची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची आणि दुसऱ्यांदा काढल्यावर दोन खुणांच्या मधली पातळी वाचायची. रेडिएटरचे पाणी इंजिन थंड असतानाच पाहायचे. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत पाला आणि औषधाचा पांढरा थर साचलेला असतो, तो आतून बाहेरच्या दिशेने हवा मारून काढायचा. एअर क्लीनरच्या खालची वाटी सोडवायची आणि तिच्यातल्या ऑइलखाली चिखल बसला असेल तर ती धुऊन खुणेपर्यंतच नवे ऑइल भरायचे. खुणेच्या वर भरले तर इंजिन तेच ऑइल आत ओढून घेते. मग टायर, चाकांचे नट, पंख्याचा पट्टा, ग्रीसची निपले आणि सर्वांत शेवटी जमीन, म्हणजे रात्रभर ट्रॅक्टर जिथे उभा होता तिथे तेलाचा किंवा पाण्याचा डाग पडला आहे का. एवढ्याला दहा मिनिटे लागतात. माझे ठाम मत असे झाले आहे की ट्रॅक्टरची निगा आणि ट्रॅक्टरपासून स्वतःची सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. दोन्ही याच दहा मिनिटांत सांभाळल्या जातात.

याचा पहिला पुरावा त्या रोजंदारीच्या चालकानेच दिला होता. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये, यासाठी पेडलजवळ एक लहानसा स्विच असतो. आमचा स्विच खराब झाला होता. तो बदलण्याऐवजी हा माणूस खाली उभा राहून, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे वाकून, स्टार्टरच्या दोन टोकांना पान्हा लावायचा आणि ट्रॅक्टर ‘डायरेक्ट’ चालू करायचा. गावात हे इतके सर्रास चालते की त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पण अशा वेळी ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन पेटताच तो पुढे निघतो आणि मागचे मोठे चाक जिथून जाणार असते नेमका तिथेच माणूस उभा असतो. नानांनी ज्या दिवशी हे पाहिले त्याच दिवशी मिस्त्रींना बोलावून नवा स्विच बसवून घेतला.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. ब्लोअरचा पंप आणि पंखा पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालतात. हा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. त्याच्यावर प्लॅस्टिकचे कव्हर असते आणि ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून एका लहान साखळीने अडकवलेले असते. आमची साखळी तुटली होती आणि चालकाने तिच्या जागी सुतळी बांधून ठेवली होती. ते माझ्या लक्षात आले होते, पण एका दिवसाने काय होते, असे म्हणून मी सोडून दिले. टाकीतले औषध ढवळले जावे म्हणून मी ट्रॅक्टर उभा ठेवून पीटीओ चालू केला आणि खाली उतरले. सुतळीचे वीतभर लोंबणारे टोक वाऱ्याने हलले आणि शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, टेकले. एवढेच मला दिसले. पुढच्या क्षणी सुतळी जागेवर नव्हती, कव्हर शाफ्टबरोबर गरागरा फिरत होते आणि त्याचा एक तुकडा उडून मडगार्डवर आदळला. ओट्यावरून नाना ओरडले, “ताई, मागे हो! त्याला हात लावू नको, आधी इंजिन बंद कर!” मी लांबून वळसा घालून, पुढच्या बाजूने जाऊन स्टॉपची दांडी ओढली.

त्या संध्याकाळी मी हिशेब केला. शाफ्टचा घेर साधारण 20 सेंटीमीटर धरला तर एका सेकंदात 180 सेंटीमीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. माझी ओढणी सव्वादोन मीटरची आहे, म्हणजे टोक अडकल्यापासून गळ्यापर्यंत यायला सव्वा सेकंद. किंचाळायलाही तो पुरत नाही. तेव्हापासून फवारणीच्या दिवशी मी अंगाबरोबर बसणारा शर्ट घालते, केस टोपीत बांधते, आणि कामावरच्या माणसांनाही गळ्यातला टॉवेल घरी ठेवायला सांगते. फिरत्या शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जायचे नाही. फवाऱ्याची नोझल तुंबली तर आधी पीटीओ सोडायचा, इंजिन बंद करून चावी खिशात टाकायची, शाफ्ट पूर्ण थांबलेला डोळ्यांनी पाहायचा आणि पंपाचा दाब उतरवून मगच पान्हा लावायचा. नवे कव्हर आणि साखळी दुसऱ्याच दिवशी आणली. ज्या अपघातातून मी वाचले त्याच्या मानाने तो खर्च सांगण्यासारखाही नव्हता.

चालवण्याबाबत मला सर्वांत जास्त वेळ ओझ्याचा अंदाज यायला लागला. भरलेल्या टाकीत 600 किलो पाणी असते, टाकी आणि पंख्याचे वजन वेगळे. आमच्या बागेच्या एका बाजूला ओढ्याकडे उतार आहे. तिथे हे सगळे वजन मागून हलक्या ट्रॅक्टरला ढकलते, आणि टाकी अर्धी झाली की आतले पाणी हिंदकळून तो धक्का कमी-जास्त होत राहतो. उताराच्या आधीच लहान गिअर टाकायचा आणि खाली पोहोचेपर्यंत क्लचला पायच लावायचा नाही, कारण क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि ट्रॅक्टर मोकळा धावू लागतो. ब्लोअर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढण्यासाठीच्या पट्टीलाच, जोडायचा. ओढायची वस्तू वर, टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडाच्या) ठिकाणी बांधली, तर ताण येताच ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि तो मागे उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही.

आता त्या पहाटेविषयी, जिच्यासाठी खरे तर हे लिहायला घेतले. नोव्हेंबरचा शेवट होता. छाटणीला चाळीस दिवस झाले होते, बाग फुलोऱ्यात होती आणि रात्री अवकाळी पाऊस पडून गेला. फुलोऱ्यातल्या घडावर पाणी राहिले की डाउनी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते, आणि अशा वेळी सकाळची फवारणी दुपारवर गेली तर हंगाम हातचा जाऊ शकतो, हे द्राक्षवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही. मी पाचला ट्रॅक्टर चालू केला. तो नेहमीसारखा पेटला, ब्लोअरची टाकी भरून होईपर्यंत चालला आणि बागेच्या तिसऱ्या ओळीत अडखळू लागला. पांढरट धूर आला, आवाज खोल गेला आणि इंजिन बंद पडले. मी दोनदा स्टार्टर मारला. तिसऱ्यांदा नानांनी फोनवरून अडवले. स्टार्टर सलग दहा-पंधरा सेकंदांहून जास्त फिरवला तर तोही जळतो आणि बॅटरीही बसते.

वॉकर घेऊन नाना बागेत आले. मी डिझेल फिल्टरखालच्या काचेच्या वाटीकडे टॉर्चचा उजेड धरला. वर पिवळसर डिझेल, खाली स्वच्छ पाणी आणि दोहोंच्या मधे एक सरळ रेघ. चूक माझीच होती. आठवडाभर मी डिझेलची टाकी अर्धीच ठेवत होते. आमच्याकडे थंडीत दिवसा ऊन आणि पहाटे कडाका असतो. टाकीतल्या रिकाम्या जागेतल्या हवेचा दमटपणा पत्र्यावर थेंब होऊन जमतो आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतो. शिवाय आदल्या संध्याकाळी ज्या कॅनमधून डिझेल ओतले त्याच्या झाकणाचा वायसर गेला होता आणि तो कॅन पागोळीखाली उभा होता.

वाटी सोडवून पाणी काढले, टाकीचा खालचा बूच ढिला करून शुद्ध डिझेल येईपर्यंत तळाचे जाऊ दिले आणि दुसऱ्या कॅनमधले डिझेल तलम कापडातून गाळून भरले. पण एवढ्याने डिझेल इंजिन चालू होत नाही. त्याला स्पार्क प्लग नसतो; सिलिंडरमध्ये हवा दाबून इतकी तापवली जाते की इंजिनाच्या नोझलमधून आलेले डिझेल आपोआप पेट घेते. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पंप तो बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत दाब पोहोचत नाही. यालाच आपण ‘एअर घेतली’ म्हणतो.

नाना सांगत गेले आणि मी करत गेले. पहिल्या फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन फेरे ढिला केला आणि फीड पंपाची दांडी हाताने वर-खाली करू लागले. आधी नुसता फेस आला, मग फेस आणि डिझेल, मग मोठे बुडबुडे, मग बारीक आणि शेवटी बोटभर जाडीची अखंड धार. “धार चालू असतानाच आवळ,” नाना म्हणाले, “थांबलीस की हवा परत जाईल.” तसेच दुसऱ्या फिल्टरवर, तसेच नोझलला डिझेल देणाऱ्या पंपावर. चालू करून पाहिले, पण इंजिन पेटले नाही. मग नोझलकडे जाणाऱ्या तिन्ही नळ्यांचे नट अर्धा फेरा ढिले करून स्टार्टर मारायचा होता. इथे नानांनी मला थांबवून माझे हात मागे घ्यायला लावले. नोझल दीडशे-दोनशे बार दाबाला उघडते, म्हणजे मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. त्या दाबाची केसासारखी धार कातडी भेदून डिझेल आत घालते. बाहेरून फक्त सुईएवढी खूण दिसते आणि आतले मांस सडत जाते. असे झाले तर दुखो वा न दुखो, तडक हॉस्पिटल गाठायचे. हायड्रॉलिकच्या पाइपची गळतीही म्हणूनच बोटाने शोधायची नसते, पुठ्ठा धरून पाहायची असते. नानांनी लांब उभे राहून पुठ्ठा धरला, मी सीटवर बसून क्लच दाबून चावी फिरवली (गिअर न्यूट्रल आहे हे आम्ही दोघांनी दोनदा पाहिले होते), तिन्ही नटांशी डिझेल पाझरले, मी उतरून ते आवळले, आणि पुन्हा सीटवर बसून क्लच दाबून स्टार्टर मारला. तिसऱ्या गिरकीला इंजिन पेटले. सव्वासात झाले होते. दहाच्या आत पूर्ण बागेवर फवारा बसला.

त्यानंतर माझ्या सवयी बदलल्या. काम संपले की संध्याकाळीच, इंजिन थंड झाल्यावर, डिझेलची टाकी काठोकाठ भरते. काचेची वाटी रोज सकाळी पाहते. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर इंजिनाचे तास मोजणाऱ्या मीटरच्या दर 250 तासांनी बदलते, शाफ्टच्या क्रॉसला दर दहा तासांनी ग्रीस देते. बॅटरीवर काम करायचे तर आधी निगेटिव्ह तार काढते, कारण ट्रॅक्टरचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो आणि पॉझिटिव्ह सोडवताना पान्हा लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवत नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वासही नसतो. फवारणीच्या वहीत आता औषधाच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना आहे.

नानांचा गुडघा फेब्रुवारीत मोकळा झाला. काढणी संपल्यावर एका सकाळी ते शेडकडे गेले, ट्रॅक्टरभोवती एक पूर्ण फेरी मारली, पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली आणि ऑइल कधी बदलले ते मला विचारले. मी वही उघडून दाखवली. पुढची बदली 38 तासांवर आली होती, म्हणून एप्रिल छाटणीच्या आधी ती करून घ्यायचे आम्ही ठरवले आणि ऑइल आणायला मी त्याच दिवशी पिंपळगावला गेले.