दोन बाय बहात्तर: पडवीत उभा राहिलेला बेल्ट ग्राइंडर

सध्याची स्थिती: चौकट उभी आहे, मोटर बसली आहे, पट्टा ५० हर्ट्झवर सरळ धावतो आहे. धुळीचा बंदोबस्त अर्धा झाला आहे, बेव्हलचा जिग, म्हणजे धारेकडचा उतार घासताना पातं ठरल्या कोनात धरणारा साचा, अजून व्हायचा आहे. जागा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या चिरेबंदी घराची पडवी, एक बाजू उघडी. घासणारा पट्टा ५० × १८३० मि.मी., म्हणजे सुऱ्या बनवणाऱ्यांच्या बोलीत इंचांत दोन बाय बहात्तर.

ग्राइंडरच्या किटमध्ये लेझरने कापलेल्या १२ मि.मी. जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटी, ३८ मि.मी. चौरस हात (प्लॅटन धरणारा दांडा) आणि तो ज्यात सरकतो ती नळी, १२५ मि.मी.चं ड्राइव्ह चाक, मधे फुगीर असलेलं ७५ मि.मी.चं ट्रॅकिंग चाक (पट्टा मधोमध राखणारं), प्लॅटनची (पट्ट्यामागच्या सपाट आधारपाटीची) ५० मि.मी.ची दोन सपाट चाकं, ताणासाठी गॅस स्प्रिंग आणि बोल्टांची पुडी आली. मोटर, व्हीएफडी (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) आणि पट्टे वेगळे घ्यायचे. यादी वाचून काम एका संध्याकाळचं वाटतं. बोल्ट आवळायला खरंच दोन-तीन तास पुरतात. सगळी चाकं एका रेषेत आणायला मात्र दोन दिवस द्यावेत. तिथे घाई केली तर ट्रॅकिंगचा नॉब कितीही फिरवला तरी पट्टा स्थिर होत नाही.

आधी प्लेटी. लेझरच्या कापाला खालच्या अंगाने मळीचा बारीक काठ राहतो. तो कानशीने काढला नाही तर दोन प्लेटी एकमेकींवर सपाट बसत नाहीत, आणि चौकटीतला अर्धा मि.मी.चा तिरकेपणा वरच्या चाकापाशी कितीतरी वाढून दिसतो. भोकांची आतली कड लेझरच्या उष्णतेने कडक झालेली असते. एम ८ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) थेट घातला तर मोडतो. आधी ६.८ मि.मी.चं ड्रिल फिरवून ती कड काढा, तेल घाला, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा टॅप चालवा. चौरस नळीच्या आत वेल्डिंगची शिवण असते. हात अडकतो तो तिथेच. लांब कानशीने शिवण उतरवा, पण हाताची जाडी कमी करू नका, नाहीतर प्लॅटन डुलतं.

बोल्ट सगळे हाताने लावून घ्या, गुण्या धरा, मग समोरासमोरचे आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर चौकट ओढली जाते.

मोटर २ एचपी, तीन फेज, दोन पोल, २८५० आरपीएम. ही ९० फ्रेमची असते, शाफ्ट २४ मि.मी., त्यावरची चावी (चाक अडकवणारी खुंटी) ८ मि.मी. दीड एचपीची दोन पोल मोटर ८० फ्रेममध्ये येते आणि तिचा शाफ्ट १९ मि.मी. ड्राइव्ह चाकाचं भोक मोटरप्रमाणे मागवा. स्लीव्ह घालून जुळवलेलं चाक लचकत फिरतं. १२५ मि.मी.च्या चाकावर ५० हर्ट्झला पट्ट्याचा वेग सेकंदाला साधारण साडेअठरा मीटर पडतो. जाड माल उतरवायला तो पुरेसा आहे. धारेजवळचं काम २० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साडेसात मीटरने करावं.

आता ज्यावर सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते. घरात येते ती एक फेज, २३० व्होल्ट. व्हीएफडी तिच्यापासून तीन फेज बनवतो, पण त्याही २३० व्होल्टच्याच. बाजारातली २ एचपी मोटर सहसा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधून, जोडून येते. ती तशीच लावली तर फिरते, आवाजही छान येतो, आणि पात्याचा दाब पडताच थांबते, कारण टॉर्क जेमतेम एक तृतीयांश उरतो. टर्मिनल बॉक्स उघडून जोडपट्ट्या डेल्टात, म्हणजे गुंडाळ्या त्रिकोणात, बदलाव्या लागतात. त्यासाठी बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर आलेली हवीत. काही मोटरींत स्टारचा सांधा आतच बांधलेला असतो आणि बाहेर तीनच वायरी येतात. अशी मोटर घेऊ नका. दुकानात झाकण उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

डेल्टात ही मोटर सहा अँपिअरच्या आसपास घेते. व्हीएफडी १.५ किलोवॅटचा, पण त्याचा इनपुट करंट त्याहून बराच जास्त असतो, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच घालू नये. सेटिंगमध्ये मोटरचा करंट पाटीवरून भरा, वेग चढायचा वेळ ४ सेकंद, किमान १५ हर्ट्झ, कमाल ७०. पन्नासच्या वर टॉर्क घटतो, हे लक्षात ठेवून वापरा. पट्टा प्लॅटनवरून खाली धावला पाहिजे. उलटा धावला तर व्हीएफडीच्या बाहेर पडणाऱ्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करा. आत येणाऱ्या बदलून काही होत नाही. आणि झाकण उघडण्याआधी वीज बंद करून दहा मिनिटं थांबा, कपॅसिटर भरलेले असतात.

कमी वेगावर मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो. मे महिन्यात पडवीत हवा हलत नसते, तेव्हा २० हर्ट्झवर सलग अर्धा तास चालवली की अंगाला हात लावता येत नाही. मधे थांबा.

चाकांच्या ओळीसाठी ड्राइव्ह चाक हाच आधार मानला. त्याच्या तोंडाला एक मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी टेकवून प्लॅटनच्या दोन्ही चाकांपर्यंत फट मोजली. पहिल्या मोजणीत खालच्या चाकापाशी १.८ मि.मी. फरक निघाला. वॉशर घालून तो जात नव्हता, कारण मोटरच्या पायाखालची प्लेट एका कोपऱ्यात खाली बसलेली होती, तिथे ०.५ मि.मी.चा शिम (पातळ पत्रा) घातल्यावर फरक ०.३ वर आला. अर्ध्या मि.मी.च्या आत असेल तर पट्टा ऐकतो. ट्रॅकिंग चाक सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या बिजागरीत अजिबात खुळखुळ नको.

लहान चाकं गरम होऊन कुईं करू लागली तर बेअरिंगला दोष देण्याआधी मधला स्पेसर मोजा. या किटमध्ये दोन ६२०१ बेअरिंग आणि १२ मि.मी.चा बोल्ट आहे. स्पेसर आखूड असेल तर बोल्ट आवळताना आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात आणि गोळ्या घासतात. बाहेरच्या कड्यांमधल्या अंतराइतका किंवा केसभर जास्त लांब हवा. पट्टा सेकंदाला साडेअठरा मीटरने धावतो तेव्हा ५० मि.मी.चं चाक मिनिटाला सात हजारांवर फेरे घेतं, एवढा दोष त्याला पुरतो.

प्लॅटनवर सिरॅमिक काच इपॉक्सीने चिकटवली. दोन्ही पृष्ठं साठ नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून अॅसिटोनने पुसली. काचेखाली आधाराला एक छोटी पायरी ठेवली, म्हणजे गरम झाल्यावर ती खाली सरकत नाही. काचेचं तोंड चाकांच्या रेषेपेक्षा दोन मि.मी. पुढे हवं.

चिऱ्याच्या भिंतीला मशीन बांधू नका. चिरा मऊ, अँकर बोल्ट थरथराटाने महिन्याभरात सैल होतात आणि लाल भुकटी बेअरिंगपाशी जाते. खाली काँक्रीटचा ओटा, त्यावर ८ मि.मी.ची प्लेट, मधे रबर.

पहिली चाचणी २५ × ५ च्या एमएस फ्लॅटवर, मग ट्रकच्या पाट्यातून कापलेल्या कोयतीच्या तुकड्यावर. आधी दहा फेरे हाताने, मग १५ हर्ट्झवर, बाजूला उभं राहून. पट्टा टक-टक करत होता. सांधा एकावर एक चढवलेला, आणि पट्टा पाठीवरच्या बाणाच्या उलट बसला होता. पाणी दिलेलं पातं हातमोज्याशिवाय धरा आणि बोटाला चटका जाणवताच बादलीत बुडवा. निळी छटा दिसली म्हणजे तिथलं पाणी उतरलं, तेवढा भाग काढून टाकण्यावाचून इलाज नाही.

धुळीसाठी पट्ट्याच्या खाली पाण्याची बादली आहे. व्हीएफडी बंद डब्यात आहे, कारण लोखंडाची धूळ वीज वाहून नेते. लाकडाची मूठ घासण्याआधी बादली आणि धुळीची नळी रिकामी करतो, कारण लाकडाच्या भुशात ठिणगी दबून राहते. मास्क पी १०० चा (अगदी बारीक धूळ अडवणारा), मुठीच्या मायकार्टासाठी (राळेत दाबलेल्या कापडाच्या थरांसाठी) तर अगदी नक्की.

जूनच्या आत दोन कामं उरकायची आहेत. एक, विजा कडाडू लागल्या की व्हीएफडीचा प्लग काढता यावा म्हणून तो हाताशी आणणं. दुसरं, पट्ट्यांसाठी हवाबंद पेटी. पावसाळ्यात कापडी पाठीचे पट्टे ओल धरून वाकतात आणि सांध्याची टेप सुटते. धावता पट्टा तुटला तर मनगटावर येतो. घडी न घालता जाड नळकांड्यावर टांगायचे, तळाशी सिलिका जेल, आणि चढवण्याआधी सांधा बोटांनी वाकवून बघायचा. घासलेल्या उघड्या पृष्ठांना तेलाचं बोट दर आठवड्याला. बेव्हलच्या जिगची बिजागरी आली आहे, कोन १८ अंशांवर लावून बघायचा आहे.