बाळाआधी बाळाचे डॉक्टर

बाळाचे डॉक्टर बाळ जन्मायच्या आधीच ठरवायचे, हे मी सातव्या महिन्यात मनावर घेतलं. घरात यावर दोन मतं होती. सासूबाई म्हणायच्या, "बाळ येऊ दे, काही लागलं तर बघू की." माझं म्हणणं होतं की जेव्हा लागेल तेव्हा शोधाशोध करायचं त्राण माझ्यात नसेल. टाके दुखत असतील, झोप झालेली नसेल, दूध पुरतंय की नाही याची धास्ती असेल. त्या अवस्थेत कुणीतरी सुचवलेल्या पहिल्या नंबरावर फोन करण्यापेक्षा आत्ता, डोकं ठिकाणावर असताना, दोन-चार डॉक्टरांना भेटून घ्यावं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईवडिलांनी बालरोगतज्ज्ञांना एकदा भेटावं असं सुचवते, हे वाचल्यावर माझा निश्चय पक्का झाला.

माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजावली. प्रसूतीच्या वेळी जे बालरोगतज्ज्ञ हजर असतात ते बहुतेक वेळा त्या हॉस्पिटलचे असतात. बाळ रडलं का, श्वास नीट घेतंय का, रंग आणि हातापायांची हालचाल कशी आहे, हृदयाचे ठोके किती आहेत हे बघून पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला ते अपगार गुण देतात. रक्तस्राव होऊ नये म्हणून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं जातं, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. घरी गेल्यानंतर बाळाला जे वर्षानुवर्षं बघणार, ते डॉक्टर वेगळे असू शकतात. त्यामुळे शोधायचे होते ते दुसरे. पहिल्यांविषयी मी हॉस्पिटलात एवढंच विचारलं की रात्री-अपरात्री प्रसूती झाली तर बाळाचे डॉक्टर इमारतीत असतात की बोलवावे लागतात, आणि बाळ 37 आठवड्यांच्या आधी आलं किंवा त्याला श्वासाचा त्रास झाला तर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, तिथेच आहे की बाळाला दुसरीकडे हलवावं लागेल. आई एका हॉस्पिटलात आणि बाळ दुसऱ्या, ही शक्यता आधी माहीत असलेली बरी. आमच्या हॉस्पिटलात एनआयसीयू होतं.

मग मैत्रिणींना विचारायला लागले. "तुमचे डॉक्टर कसे आहेत?" असं विचारलं की सगळ्याच "छान आहेत" म्हणतात, आणि त्यातून हाती काही लागत नाही. म्हणून मी प्रश्न बदलला. "बाळाला पहिल्यांदा ताप आला तेव्हा नेमकं काय झालं, सांग." यावर मात्र खरी माहिती यायला लागली. एकीचे डॉक्टर फोन उचलत नाहीत पण त्यांची मदतनीस निरोप पोचवते आणि तासाभरात उलट फोन येतो. एकीला दर सर्दीला अँटिबायोटिक मिळालं होतं. एकीने सांगितलं की डॉक्टर बोलायला फटकळ आहेत, पण तिच्या बाळाच्या श्वासाचा वेग बघून त्यांनी क्षणात ओळखलं की हे साधं नाही, आणि स्वतः फोन करून बेड मिळवून दिला. ती त्या डॉक्टरांना सोडायला आजही तयार नाही, आणि मला ते पटतं.

याच काळात वाचता वाचता एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि पुढची सगळी निवड मी तिच्यावरच केली. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचंही वजन जन्मानंतर थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर चालतं, दहाच्या घरात गेलं की पाजणं नीट होतंय का हे बघावं लागतं, आणि दोन आठवड्यांच्या आत वजन पुन्हा जन्माच्या आकड्यावर यायला हवं. आधी चीक येतो, भरपूर दूध यायला दोन ते चार दिवस लागतात. निम्म्याहून जास्त नवजात बाळांना दिसण्याइतकी कावीळ होते आणि ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते. म्हणजे वजन, दूध आणि कावीळ या तिन्ही गोष्टी ऐन भरात येतात तेव्हा बऱ्याच आया डिस्चार्ज घेऊन घरी आलेल्या असतात. हॉस्पिटलचे डॉक्टर मागे राहिले, नवे अजून भेटले नाहीत, आणि पुढची तारीख थेट सहा आठवड्यांच्या लसीची. मधल्या दिवसांत बाळाकडे बघायचं कोणी? म्हणून प्रत्येक डॉक्टरांना विचारायचा माझा पहिला प्रश्न ठरला: "डिस्चार्जनंतर तुम्ही बाळाला पहिल्यांदा कधी बघाल?"

पहिले डॉक्टर नावाजलेले होते. भिंतीवर पदव्या, बाहेर तोबा गर्दी. मी प्रश्न विचारला तर म्हणाले, "काही वाटलं तर घेऊन या. नाहीतर लसीला याच." मी म्हटलं, "काय वाटायला हवं, ते सांगाल का?" ते हसले आणि म्हणाले, "आईला कळतं हो." मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. पहिलटकरणीला कावीळ कितपत पिवळी असते ते कळत नाही. साध्या डोळ्यांनी तर डॉक्टरांनाही तिचा नेमका अंदाज येत नाही, म्हणून तर बिलिरुबिन, म्हणजे ज्याने अंग पिवळं दिसतं ते रक्तातलं द्रव्य, मोजतात. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्याकडे मला द्यायला वेळ नव्हता, आणि मला वेळच हवा होता.

दुसरीकडे मोठ्या हॉस्पिटलची ओपीडी होती. सोयी सगळ्या एका छताखाली, रात्रीसुद्धा कोणीतरी हजर. पण दर वेळी ड्युटीवर जे असतील ते बघणार. हा काही दोष नाही. ज्या बाळाला जन्मतः हृदयाचा किंवा आणखी कसला आजार आहे त्याच्यासाठी हीच जागा योग्य. मला मात्र बाळाला आधीपासून ओळखणारं एक माणूस हवं होतं.

तिसऱ्या मॅडमचा दवाखाना लहान होता. मी प्रश्नांचा कागद काढायच्या आत त्यांनीच विचारायला सुरुवात केली. माझा रक्तगट कोणता, नवऱ्याचा कोणता. थायरॉइडची गोळी चालू आहे का. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का. दोन्ही घरांत कोणाला लहानपणापासून ऐकू येत नाही असं आहे का. कोणाच्या बाळाला काविळीसाठी लाइटखाली ठेवावं लागलं होतं का.

माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. त्यांनी ते लिहून घेतलं आणि समजावलं की आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल तर आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून बाळाकडे जाऊन त्याच्या तांबड्या पेशी मोडू शकतात, आणि मग कावीळ लवकर येऊन झपाट्याने चढू शकते. दर बाळाला होतं असं नाही, बहुतेकांना सौम्यच होतं, पण डोक्यात असलेलं बरं. "जन्मल्यावर बाळाचा रक्तगट बघायला सांगा. पहिल्या चोवीस तासांत अंग पिवळं दिसलं तर वाट बघायची नाही, लगेच सांगायचं. आणि घरी गेल्यावर दोन दिवसांच्या आत मला दाखवा, बाळ कितीही छान दिसत असलं तरी." माझा पहिला प्रश्न मी विचारायच्या आधीच त्याचं उत्तर मिळालं होतं.

बाकीचे प्रश्न तरीही विचारले. दूध पुरत नाहीये असं वाटलं तर? त्या म्हणाल्या, आधी मी तुम्ही पाजताना बघेन, बाळाने तोंडात नीट धरलंय का ते बघेन, वजन करेन, शू किती वेळा होते ते विचारेन. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि शीचा काळा रंग जाऊन पिवळा आला असेल तर दूध पोटात जातंय. वरचं दूध खरंच लागलं तर तेही देऊ, त्यात कमीपणा नाही, पण नुसत्या भीतीपोटी नको. हे शेवटचं वाक्य ऐकून मला फार हलकं वाटलं.

सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक देता का, हेही विचारलं. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. पण तेवढ्यावर न थांबता कशावर लक्ष ठेवायचं तेही सांगितलं: श्वास भरभर चालणं, छाती आत ओढली जाणं, पाजायला न घेणं, जागं करूनही बाळ सुस्त राहणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप 38 सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त भरला तर औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्र असो की सुट्टी. अंग गार पडलं तरी तितकंच गंभीर. "काळजी करू नका" असं नुसतं म्हणणाऱ्यापेक्षा काळजी नेमकी कधी करायची हे सांगणाऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास बसतो.

फोनचं काय, त्या नसतील तेव्हा कोण, भरती करायची वेळ आली तर कुठे, हे सगळं विचारून घेतलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रसूतीच्याच हॉस्पिटलचं निघालं.

नवऱ्याचा एकच आक्षेप होता, अंतर. आमच्या घराजवळ दुसरे एक बालरोगतज्ज्ञ होते आणि त्याच्या मते जवळचे बरे. तो मुद्दा खोटा नव्हता. तान्ह्या बाळाला घेऊन लांब जायचं म्हणजे वाटेत पाजणं आलं, कपडे बदलणं आलं. तेव्हा तो ऐन गर्दीच्या वेळी स्वतः गाडी घेऊन त्या दवाखान्यापर्यंत जाऊन आला, आणि येऊन म्हणाला, "चालेल. पण मध्यरात्री काही झालं तर इथे नाही जायचं, सरळ हॉस्पिटलात." तसं ठरलं. दोन्हीकडचे नंबर आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीचं दार कुठल्या बाजूला आहे, हे त्याने कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

मुलगी झाली. जन्मल्यावर तिला तशीच माझ्या छातीवर ठेवलं आणि पहिल्या तासाभरातच तिने अंगावर घेतलं. रक्तगट बी निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला मी तो मुद्दा काढला तेव्हा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लगेच बिलिरुबिन करायला सांगितलं. आकडा उपचाराच्या रेषेखाली होता. ही रेषा सगळ्या बाळांना एकच नसते. बाळाचं वय तासांमध्ये मोजतात, किती आठवड्यांचं जन्मलं ते बघतात आणि मग तक्त्यावर ठरतं. त्यामुळे "अमक्याच्या बाळाला एवढा होता, काही केलं नाही" या तुलनेला काही अर्थ नाही, आणि ती तुलना आमच्याकडे फोनवरून बरीच झाली.

डिस्चार्जनंतर ठरल्याप्रमाणे मॅडमना दाखवलं. मुलगी गोंडस दिसत होती, झोपही चांगली लागत होती. जरा जास्तच चांगली, असं मॅडमचं म्हणणं पडलं, कारण पाजायला तिला उठवावं लागत होतं. वजन नऊ टक्क्यांनी उतरलं होतं. पुन्हा रक्त तपासलं तर या वेळी आकडा रेषेच्या वर. त्याच दुपारी भरती करून तिला निळ्या प्रकाशाखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. त्या प्रकाशाने त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. पाजण्यापुरतं तिला माझ्याकडे द्यायचे. नर्सने मला धरायची पद्धत बदलून दाखवली आणि दूध पिताना तिचा गिळण्याचा आवाज मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. मी रडले, पण घाबरले नाही. काय चाललंय आणि का चाललंय हे मला दोन महिन्यांपूर्वीच सांगून झालं होतं.

आकडा उतरला, आम्ही घरी आलो. दोन आठवड्यांच्या भेटीत तिने जन्माचं वजन ओलांडलं होतं.

आता ओळखीतल्या कोणी गरोदर बाई विचारतात तेव्हा मी माझ्या डॉक्टरांचं नाव शेवटी सांगते. आधी सांगते की दोघांचे रक्तगट आणि तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन जा, आणि शक्य असेल तर नवऱ्यालाही सोबत ने, कारण पहिल्या आठवड्यात डॉक्टरांशी फोनवर बोलणार तो असतो. आणखी एक सांगते: एकदा ठरवलेले डॉक्टर पटले नाहीत तर बदलता येतात. माझ्या एका मैत्रिणीने चौथ्या महिन्यात बदलले. तिला ते सहज जमलं, कारण डिस्चार्ज कार्ड, लसींच्या तारखा, वाढीचा तक्ता आणि कानांच्या तपासणीचा निकाल हे सगळं तिने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या फाइलमध्ये लावलं होतं. नव्या डॉक्टरांनी ती फाइल वाचली आणि तिथून पुढे सुरुवात केली.