भंडारदऱ्याचे काजवे : हेडलाइट बंद करा हो!
मृग लागायच्या आधीचा शनिवार गाठून भंडारदऱ्याला गेलो, हीच पहिली चूक. शेंडी गाव सोडल्यापासून घाटघरच्या रस्त्याला गाड्यांची रांग. त्या झोतांत काजवे दिसणार कुठून? सादड्याच्या झाडाखाली तासभर उभं राहून पाच-सहा चुकार ठिणग्या पदरी पडल्या. बायको म्हणाली, "एवढे तर आमच्या परसात निघतात."

मुक्कामाच्या घरचे मामा म्हणाले, "गर्दी पांगू द्या, मग नेतो." अकरानंतर त्यांच्यामागोमाग गावाबाहेरच्या बांधावर गेलो. मोबाईल खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं गेली आणि समोरचा हिरडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पेटला, विझला, पुन्हा पेटला. अगदी ठेक्यात.

हा सगळा खटाटोप लग्न जमवायचा. उडत लुकलुकणारे बहुतेक नर. मादी बसल्या जागेवरून बघते आणि मनात भरला तरच चमकून होकार देते. डार्विनने 1871 मध्ये सविस्तर मांडलेली लैंगिक निवड ती हीच. मोराचा पिसारा, काजव्याचा दिवा. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांच्या काही जातींत भरभर चमकणारा नर मादीला आवडतो, काहींत जास्त वेळ चमकणारा. मग सगळ्यांनी एकाच तालात का चमकायचं? तिथल्याच एका जातीवरचा प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. मादीभोवतीचे बारीक दिवे एका तालात लावले तेव्हा तिने 80 टक्क्यांहून जास्त वेळा उत्तर दिलं. बेताल लावल्यावर जेमतेम 10 टक्के. गोंगाटात हाक ऐकू येत नाही, तसंच. त्यात आमचे हेडलाइट! प्रौढ काजव्याच्या हाती दिवस तरी किती, दोन-तीन आठवडे.

जाणार असाल तर मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा धरा. वळीव पडून गेलेला असला तर उत्तम. सोमवार ते गुरुवारच जा, अमावास्येच्या आसपास. धो-धो पाऊस लागला की खेळ आटोपला. मुंबईहून कसारा-इगतपुरी-घोटी, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, नाक्यावर शुल्क भरावं लागतं. वेळेचे नियम निघण्यापूर्वी विचारा. बॅटरी लागलीच तर लाल कागद गुंडाळून, जमिनीकडे धरून. पायात बूट हवेतच, साप-विंचवाचे दिवस. झाडाखालच्या गवतात शिरू नका, माद्या तिथेही बसलेल्या असतात. फोटोचा नाद सोडा, मोबाईलमध्ये नुसता काळोख येतो.

पुण्याकडे परतणार असाल तर राजूरला पेढे घ्या. आम्ही अर्धा किलो घेतले, संगमनेर यायच्या आत संपले.