धुऱ्यावरचा समेट

मृग कोरडाच चालला होता आणि बाबांनी आमच्या पाच एकर कोरडवाहूत पावसाची वाट न बघता कोरड्या मातीतच कपाशीची धूळपेरणी करून टाकलेली. त्याच आठवड्यात धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, काकांशी भांडण झालं. पेरणीच्या ओळींची दोन तासं इकडे की तिकडे, एवढाच मुद्दा. चूक काकांची होती, हे मी आजही म्हणेन.

रविवारी उपासनेला निघालो तर बाबा वाटेतच काकांच्या घराकडे वळले. बायबलमधलं मत्तय 5:23-24 त्यांना पाठ: वेदीजवळ दान आणल्यावर भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर. मी चिडलो. "नाही गेलं तर देव काय शिक्षा करनार हाय का?"

"भेवापायी नाही जात बापू. तुह्या आजीनं पानी मांगतलं का मी उठतोच ना? ते काय भेवानं?"

लहानपणी आज्ञा म्हटलं की मला मास्तरची छडीच आठवायची. योहान 14:15 मध्ये येशू मात्र आधी प्रीतीचं बोलतो, आज्ञा पाळणं तिच्या मागून येतं. आणि आशा? रोमकरांस पत्रात पौल विचारतो, जे दिसतं त्याची आशा कोण धरतो? धूळपेरणीवाल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. आभाळात ढग नसताना सरकी मातीत घालायची.

काका बोलले नाहीत. चहासुद्धा विचारला नाही. बाबा ओट्यावर दहा मिनिटं बसून उठले, आम्ही उपासनेला उशिरा पोचलो.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा त्याच ओट्यावर. पाऊस अजून यायचाच होता.