टँक डायरी: फॉस्फेट बफर ७.२०चं की ६.८६चं?

माशांच्या आणि पाणवनस्पतींच्या टँकवरचा सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर सुरळीत चालू आहे, रोटाला या पाणवनस्पतीचे शेंडे लाल व्हायला लागलेत. फोटो पुढच्या वेळी. ही नोंद पीएच पेनची, म्हणजे पाण्यात बुडवून पीएच मोजायच्या पेनाएवढ्या मीटरची. टँकमध्ये सीओटू किती विरघळतोय हे काढायचं तर पीएचचा आकडा खात्रीचा हवा, आणि त्यासाठी कॅलिब्रेशनचं बफर, म्हणजे ज्याचा पीएच आधीच माहीत आहे आणि सहज हलत नाही असं पेन लावून घ्यायचं द्रावण, ताजं हवं. बाजारात ४.०१, ६.८६ आणि ९.१८च्या पुड्या मिळतात. पण एकदा पाण्यात कालवलेलं फॉस्फेटचं बफर उघड्याझाकल्या बाटलीत बुरशी धरतं, आणि दर वेळी नवी पुडी फोडायचा कंटाळा येतो. म्हणून ६.८६ घरीच करायला घेतलं.

कृती छोटी आहे. एक लिटर बॅटरीच्या (म्हणजे क्षार काढलेल्या शुद्ध) पाण्यात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.४० ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ३.५५ ग्रॅम. दोन्ही ०.०२५ मोल. वजनासाठी सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा पुरे. १०० मिलिलिटरच करायला गेलात तर ०.३४ ग्रॅममध्ये एका घराची चूक म्हणजे तीन टक्के, तरीही पीएचमध्ये फरक फक्त ०.०१चा. लॉग असल्याचा हा फायदा. लिटरभर केलंत तर तेवढाही फरक नाही.

आता मजा. भाची बारावीला आहे, तिला कागद दिला. तिने पुस्तकातलं समीकरण मांडलं: पीएच = पीकेए + लॉग (क्षार ÷ आम्ल). दोन्ही मोल सारखे, भागाकार १, लॉग शून्य, फॉस्फेटचा दुसरा पीकेए (आम्ल किती तीव्र ते सांगणारा आकडा) ७.२०, उत्तर ७.२०. पेनवर ६.८७. "मामा, तुझा पेनच बिघडलाय!"

पेन ठीक होता, विकतच्या पुडीवर लावून घेतलेला. तिचं गणितही ठीक होतं. मग ०.३३ गेले कुठे?

हेंडरसनने १९०८ मध्ये मांडलेलं आणि पुढे हॅसलबाल्खने लॉगच्या रूपात आणलेलं हे समीकरण आपण वापरतो ते संहतीचे, म्हणजे पाण्यात किती पदार्थ विरघळलाय त्याचे, आकडे घालून. पेनची काच मात्र संहती मोजत नाही, ती मोजते सक्रियता, म्हणजे आयन (विद्युतभार असलेला कण) प्रत्यक्षात किती मोकळा आहे ते. रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाणाऱ्यांच्या गर्दीत, शिरलेला माणूस असतो तसाच गर्दीतला आयन: आहे पूर्ण, पण हालचाल अर्धी. आणि ही गर्दी सगळ्यांना सारखी जाचत नाही. परिणाम भाराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एक ऋणभार असलेल्या आयनाला १, तर दोन ऋणभारवाल्याला ४. फॉस्फेट बफरमध्ये आम्लाच्या बाजूला एकभारी आणि क्षाराच्या बाजूला द्विभारी आयन असल्यामुळे क्षाराची बाजू जास्त दबते आणि पीएच खाली येतो.

किती खाली, तेही काढता येतं. आधी आयनिक स्ट्रेंथ, म्हणजे आयनांच्या गर्दीचं माप: पहिल्या मिठाचे ०.०२५, दुसऱ्याचे ०.०७५ (द्विभारी आयनाचा ४ इथेही लागतो), एकूण ०.१. मग ही गर्दी किती दाबते ते सांगणारं डेव्हिसचं सूत्र: ०.५०९ × भाराचा वर्ग × (√०.१ ÷ (१ + √०.१) − ०.३ × ०.१). एकभारीसाठी हे ०.१०७ येतं, द्विभारीसाठी त्याच्या चौपट. वजाबाकी तिप्पट, म्हणजे ०.३२. ७.२० मधून ०.३२ गेले, उरले ६.८८. प्रमाण मानलेला आकडा २५ अंशांना ६.८६. कागद-पेन्सिलवर यापेक्षा जवळ जायची माझी तरी हौस नाही.

पटत नसेल त्याने हेच बफर दहापट पातळ करून बघावं. पुस्तक म्हणतं, पातळ केल्याने भागाकार बदलत नाही, पीएच तोच राहतो. डेव्हिस म्हणतो ७.०७. माझ्या पेनवर ७.०६ आलं. भाचीने पेन स्वतः धुऊन, टिश्यूने टिपून पुन्हा बुडवला आणि गप्प बसली. (परीक्षेत ७.२०च लिही, हे तिला बजावून सांगितलंय.)

घरी करणाऱ्यांनी डायसोडियमच्या बाटलीचं लेबल डोळे फाडून वाचा. त्यात स्फटिकजल किती आहे त्यावर वजन ठरतं. लिटरला निर्जल ३.५५, दोन पाण्याचं ४.४५, बारा पाण्याचं ८.९५ ग्रॅम. बारा पाण्याचं मीठ ३.५५ ग्रॅमच घातलं तर बफर ६.५च्या आसपास बसेल आणि पेन त्यावर इमानदारीने चुकीचा लागेल.

तापमानाचं थोडक्यात. हे बफर २० अंशांना ६.८८, ३०ला ६.८५, ४०ला ६.८४. मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर बाटली आपोआप चाळिशीकडे जाते, त्यामुळे हे फक्त पुस्तकी नाही. पेनमधलं ऑटोमॅटिक टेम्परेचर कॉम्पेन्सेशन काचेचा उतार सुधारतं, म्हणजे पीएचच्या एका अंकामागे २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट, ४०ला ६२.१. टँकमधल्या पाण्याचा पीएच तापमानाने खरोखरच बदलत असेल तर त्याचं ते काही करत नाही. ९.१८चं बोरॅक्स तर ४०ला ९.०७वर येतं. मी सरळ सकाळी सहाला कॅलिब्रेट करतो.

आता टँक. केएच (पाण्यातली कार्बोनेट-बायकार्बोनेटची क्षारता), पीएच आणि सीओटूचा जो तक्ता आपण सगळे वापरतो (सीओटू = ३ × केएच × १०चा (७ − पीएच) घात), तो हेच समीकरण आहे, फक्त आम्लाच्या जागी विरघळलेला सीओटू आणि क्षाराच्या जागी बायकार्बोनेट. एक डिग्री केएच म्हणजे लिटरला ०.३५७ मिलिमोल, सीओटूचा रेणुभार ४४, पीकेए ६.३५. गुणून पाहिलं तर ३च्या जागी ३.५ येतं. म्हणजे तक्ता लिटरला ३० मिलिग्रॅम दाखवतो तेव्हा ३५ असू शकतात. झाडांची तक्रार नसते, पण वर येऊन धापा टाकणाऱ्या माशांना तो फरक कळतो. टँकच्या पाण्यात आयनांची गर्दी फॉस्फेटच्या बाटलीपेक्षा खूप कमी, म्हणून इथे दुरुस्ती ०.०२च्या आसपास. सोडून द्या.

तक्ता फक्त एका अटीवर चालतो: पाण्यातली क्षारता निव्वळ बायकार्बोनेटची हवी. "पीएच ७ला स्थिर" म्हणून मिळणारी फॉस्फेटची पावडर टँकमध्ये टाकली की तक्ता फेकून द्यायचा. वर शेवाळ फुकट. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी टाकीत बोअरिंगचं मिसळतं, त्यामुळे केएच दर पाणीबदलाला मोजावाच लागतो.

यातून सुटका म्हणजे ड्रॉप चेकर: टँकमध्ये लावायची छोटी काचेची कुपी, तिच्यातल्या पाण्याचा रंग सीओटूप्रमाणे बदलतो. त्यातलं ४ केएचचं पाणी खाण्याच्या सोड्यापासून करतो. लिटरला ०.१२ ग्रॅम लागतो, आपल्या काट्यावर ते धड मोजता येत नाही, म्हणून १.२० ग्रॅमचं लिटरभर करून त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा लिटर करायचं. पाणी बॅटरीचंच. ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब टाकले की निळं दिसतं, आणि सीओटू तीसच्या आसपास पोचला की हिरवं. रंग बदलायला तास-दोन तास जातात, तेव्हा बबल रेट (सीओटूच्या बुडबुड्यांचा वेग) वाढवून लगेच चेकरकडे बघत बसू नका.