लेफ्ट झाला

शटर अर्धं वर केलं तर आक्का पायरीवर बसलेली. हातात फोन, त्याला ते पाकिटासारखं उघडणारं कव्हर, कव्हरात आधारची झेरॉक्स आणि एसटीचं हाफ तिकीट.

"बघ की रं, त्यो बोलला," ती म्हणाली.

'त्यो' म्हणजे तिचा थोरला. त्याला जाऊन नऊ महिने झाले होते.

आटपाडी तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, सिम, ग्लास, चार्जिंग पिन, आणि सरकारची एखादी योजना आली की फॉर्म भरायची रांग. लोक फोन दुरुस्तीला देतात तेव्हा पासवर्ड सांगून जातात. त्यामुळे गावातल्या बऱ्याच गोष्टी मला आधी कळतात आणि मी त्या गिळतो. पण असं वाक्य या काउंटरवर कधी ऐकलं नव्हतं. जून २०२५ची गोष्ट आहे.

फोन घेतला. सगळ्यात वर त्याचं चॅट पिन केलेलं. ते मीच करून दिलं होतं, कारण आक्काला वाचता येत नाही. ती माणसं डीपीवरून ओळखते आणि चॅट जागेवरून. वरून पहिला थोरला, दुसरी धाकटी. टायपिंगचा प्रश्नच नाही, माइक दाबून धरायचा आणि बोलायचं. पोरगा गेल्यावरही ती बोलतच राहिली होती. स्क्रीन वर सरकवत गेलो तर नुसत्या व्हॉइस नोट, प्रत्येकीखाली एकच टिक. आठ-दहा दिवसांनी एक, कधी लागोपाठ तीन.

शेवटच्या दोन नोटांना मात्र दोन टिका होत्या. माइक निळा. म्हणजे कुणीतरी ऐकलेल्या. आणि खाली उत्तर, "कोण आहात? हा नंबर माझा आहे."

वर डीपीत निळ्या ओढणीतली एक बाई आणि तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांची पोरगी.

आक्काला अक्षरं कळली नव्हती. तिला एवढंच कळलं होतं की नऊ महिन्यांनी त्या बाजूने काहीतरी आलं. "ही बाई कोन त्याच्या जागंवर?" तिने विचारलं. घशाला कोरड पडली माझ्या, कारण उत्तर मला माहीत होतं आणि त्यात माझाही हात होता.

थोडं मागचं सांगायला हवं. विटा-आटपाडीकडची हजारो माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. जुने दागिने वितळवायचे, सोनं-चांदी शुद्ध करायची. काश्मीरपासून केरळपर्यंत सराफ बाजारात एखाद्या बोळात भट्टी पेटलेली असेल तर तिथला माणूस आमच्याकडचा असण्याची शक्यता दांडगी. हा पोरगा कोईमतूरला होता. नऊ वर्षं तमिळनाडूत काढली, तमिळ बोलायचा, पण नंबर गावचाच. गलाईवाले सहसा नंबर बदलत नाहीत. गावच्या यात्रेची वर्गणी, सोयरीक, बाजारभाव, मयत, सगळं त्या दहा आकड्यांवर येतं. भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे यांची चावडी. एक जण अमृतसरला, एक कोचीला, एक हैदराबादला, आणि सकाळी सात वाजता सगळे एकमेकांना शुभ सकाळ घालतात.

गणपतीनंतर सुट्टी संपवून परत जाताना महामार्गावर त्याचा अपघात झाला. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक फोनवर त्याच्याच फोटोचं स्टेटस. चोवीस तासांनी ती आपोआप गेली. दहाव्यापर्यंत काहींनी डीपी काळे ठेवले.

नोव्हेंबरात त्याचा चुलता दुकानात आला. त्याच्याकडे पोराचा चुरा झालेला फोन होता, त्यातलं सिम मी पिन घालून काढून दिलं. "याचं रिचार्ज संपलंय म्हणं, मारायचं का?" चुलत्याने विचारलं. महिन्याचे दोनशेच्या आसपास. मी म्हणालो, "काका, आता कशाला? जाऊ द्या बंद."

रिचार्ज विकणारा माणूस मी, आणि तेवढं एकदा माझ्या तोंडून काटकसर निघाली.

तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं होतं. पण मला नियम माहीत असायला हवे होते, हा माझा धंदा आहे. वापर नसलेला प्रीपेड नंबर ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही, आणि खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर पुढे चालू ठेवायचा, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम २०१३पासून आहे. बंद झालेला नंबर पुढचे किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, हे ट्रायने नोव्हेंबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टातही सांगितलं. त्यानंतर तो नव्या गिऱ्हाईकाला जातो. मीच अशी कितीतरी सिमं विकलीत. 'फ्रेश नंबर' म्हणतो आपण, पण त्याच्यात आधी कोण राहत होतं हे मलाही माहीत नसतं. भाड्याची खोली रिकामी झाल्यावर चुना मारून पुढच्याला द्यावी तसं आहे ते.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं. १२० दिवस वापर नसला की खातं आपोआप उडतं. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सकाळी भावकीच्या ग्रुपवर बारीक करड्या अक्षरांत ओळ आली, त्याचं नाव आणि पुढे 'लेफ्ट'.

अमृतसरच्या एका आत्तेभावाने, झोपेत असावा, लगेच टाकलं, "हा का लेफ्ट झाला? ॲडमिन परत घ्या त्याला." मग दहा-बारा मिनिटं ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. दोनशेच्या वर माणसं आहेत त्यात. मग त्या आत्तेभावाने मेसेज डिलीट केला. अंत्यविधीला जे रडले नव्हते त्यातले दोघे त्या दिवशी मला फोन करून रडले.

फेसबुकवर निदान मृत्यूचा दाखला पाठवला तर खातं स्मरणार्थ म्हणून ठेवता येतं, २००९पासून सोय आहे. इन्स्टाग्रामवरही आहे. तिथं तो अजून बुलेटवर बसलेला आहे. पण आक्का इन्स्टाग्रामवर नाही. तिच्यासाठी पोरगा म्हणजे वरून पहिली जागा, आणि त्या जागेवर जानेवारीपासून करड्या रंगाचं डोकं होतं. त्या डोक्याशी ती बोलत होती.

आता तिला हे सगळं सांगायचं कसं? मी सांगितलंच नाही. म्हटलं फोन लावू. माझ्या फोनमध्ये नंबर त्याच्याच नावाने होता, म्हणून दुकानाच्या दुसऱ्या फोनवरून लावला. त्यात नंबर सेव्ह नव्हता, तरी कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ॲपने स्क्रीनवर त्याचंच नाव झळकवलं. पुढे 'गलाई कोईमतूर'. नशीब, आक्काला वाचता येत नाही.

पलीकडून बाई बोलल्या. गोंदियाकडच्या. गोंदियापासून पणजीपर्यंत सिमसाठी एकच सर्कल, मुंबई तेवढी वेगळी. त्यामुळे आटपाडीचा नंबर तिकडे जाऊन बसला होता. मी कोण, कुठून, का, ते सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी वसुलीवाला.

"रोज येतात जी फोन," त्या म्हणाल्या. "गाडीचा हप्ता भरा म्हणतात. कोणी भावा म्हणून शिव्या देते. एक माणूस तीनदा फोन करून काय बोलते ते समजतच नाही." तो तमिळ असणार.

त्या घरी शिलाई करतात. ब्लाउज तयार झाला म्हणून गिऱ्हाईकाला फोन लावला की समोर पुरुषाचं नाव दिसतं. त्यांनी एकदा मामेसासऱ्याला फोन केला, त्यांच्या स्क्रीनवरही तेच नाव. 'सून कोणाचं सिम वापरते' यावरून घरात दोन दिवस बोलाचाली. नवऱ्याने दुकानाची पावती काढून दाखवली तेव्हा मिटलं.

मी गप्पच झालो. इकडे आईला लेकाचा चेहरा सापडेना आणि तिकडे त्याचं नाव त्या बाईंची पाठ सोडेना. मी इतकी वर्षं सिमं विकतोय, पण नंबर घेणाऱ्याच्या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

"ते आवाजाचे मेसेज तुमच्याकडूनच का जी?" त्यांनी विचारलं. "ऐकले मी. डाळिंबाचं काहीतरी बोलत होत्या. वाटलं, चुकून आले."

फोन स्पीकरवर होता. आक्का काउंटरला टेकून ऐकत होती. मी काही बोलायच्या आत ती पुढे झाली आणि आमच्याकडे परक्या बाईला पहिल्यांदा जे विचारतात तेच विचारलं.

"तू कुनाची गं?"

पलीकडून नवऱ्याचं नाव आलं, गावाचं आलं, माहेर सांगितलं. आक्काने पोरीचं नाव विचारलं, दात आले का सगळे विचारलं. मग म्हणाली, "लेकाला सांगत हुते बाई. मृग बहार धरलाय, पाणी सोडलंय, औंदा तेल्या रोग न्हाई म्हून. तुला तरास झाला."

"तरास नाही जी," एवढंच आलं. थोडं थांबून त्या बाईंनी मला उद्देशून विचारलं, "भाऊ, ते नाव काढता येते का?"

येतं. नंबर ज्याच्या हातात आहे त्याने त्या ॲपमध्ये स्वतःच्या नावाने नोंदणी केली, ओटीपी टाकला, की बहुतेक वेळा काम होतं. मी पायरी पायरी सांगू शकलो असतो. पण आक्का समोर होती. "आक्का, त्या नंबरावर अजून त्याचं नाव येतंय. काढायचं का?"

तिने पदर तोंडाला लावला, काढला. "काढ की. पोरीच्या घरात कशाला भांडान."

पाच-सात मिनिटं लागली. दुसऱ्या फोनवर नंबर पुन्हा शोधला. निळ्या ओढणीच्या बाईंचं नाव आलं, पुढे 'लेडीज टेलर'.

खरं काम पुढेच होतं. आक्काच्या आधारला आणि बँकेला तोच नंबर. गावात निम्म्या म्हाताऱ्यांचं असंच आहे, फॉर्म भरताना घरात जो फोनवाला असेल त्याचा नंबर टाकायचा. म्हणजे आक्काच्या खात्याचे ओटीपी गोंदियाला जाणार होते. एप्रिल २०२५पासून यूपीआयसाठी बँकांना दर आठवड्याला बंद झालेले आणि पुन्हा वाटलेले नंबर तपासून याद्या ताज्या ठेवायला सांगितलंय, पण आधारमध्ये नंबर बदलायला आक्काला केंद्रावर नेऊन बोट टेकवणंच भाग होतं. डाळिंबाच्या फांद्या छाटून तिच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. चौथ्या खेपेला उमटलं. बँकेत अर्ज दिला. दोन दिवस गेले त्यात.

त्याच्या जुन्या व्हॉइस नोट तिच्या फोनमध्ये होत्या, ६३. त्या मेमरी कार्डात घातल्या, एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर ठेवली. शेवटी विचारलं, "हे चॅट वरच ठेवू?"

"नको. वर धाकटीचा आन."

पिन काढला. ते चॅट घसरत गेलं, भावकीच्या ग्रुपखाली, गॅसवाल्याच्या खाली.

हल्ली कुणी मयताचं सिम घेऊन आलं की मी आधी विचारतो, हा नंबर आधारला कुणाच्या आहे, बँकेला कुणाच्या आहे, घरात त्याचे आवाज कुणाच्या फोनवर आहेत. बिलबुकाच्या मागच्या पानावर असे नंबर आणि त्यांच्या रिचार्जच्या तारखा लिहिलेल्या असतात. पैसे नसतील तर मी मारतो रिचार्ज, नंतर देतात.

माझ्या फोनमध्ये मात्र तो नंबर अजून त्याच्याच नावाने आहे, बदलायचा राहून गेलाय. गोंदियाच्या बाईंनी माझा नंबर सेव्ह केला असावा, कारण त्यांची स्टेटस मला दिसतात. राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याच्या नावाखाली ब्लाउजच्या मागच्या गळ्याचे आठ नमुने होते, आणि शेवटी 'अर्जंट शिवून मिळेल'.