घरी लेथ आला!

आज सांगलीत आमच्या घरी लाकूड कातायचा लेथ आला. टेम्पोतून उतरवायला चौघे लागले, आणि मला त्या वजनाचाच सर्वांत जास्त आनंद आहे. बिडाचा बेड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो खालचा आडवा पाया, जड असला की वेडावाकडा ओंडका लावला तरी मशीन कमी थरथरतं.

इतके दिवस ड्रिलच्या अटॅचमेंटवर भागवलं. पण ड्रिलचं बेअरिंग सरळ दाबासाठी असतं, कातताना जोर आडवा येतो.

दुकानदार आधी मोटरचा एचपी सांगतात. मी आधी स्विंग विचारला, म्हणजे सेंटर (लाकूड ज्या मध्याभोवती फिरतं तो) ते बेड अंतराच्या दुप्पट. त्याहून मोठ्या व्यासाचा वाडगा बेडवर फिरतच नाही. मग विचारलं, स्पीड किती खाली येतो? ३० सेंमीचा वाडगा १००० आरपीएमवर (मिनिटाला १००० फेरे) फिरला की त्याची कड ताशी ५६ किमीच्या वर धावते! ओबडधोबड लाकूड त्या वेगाला लावायचंच नाही. फेसशील्ड त्याच बिलात घेतलं.

संध्याकाळी शेजारचे आबा आले. हयात कातकामात गेलेली. म्हणाले, "बटण दाबायच्या आधी हातानं एक फेरा फिरवून बघ पोरा, रेस्टला कुठं अडतंय का." रेस्ट म्हणजे हत्यार टेकवायचा आधार. सागाचा तुकडा लावला, गोल झाला, फार छान वाटलं.

आता मला तंबोऱ्याची खुंटी कातायला शिकायचंय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि ते कारागीर इतक्या जवळ आहेत! खुंटीचा निमुळता उतार छिद्राशी तंतोतंत जुळला तरच तार सुरात टिकते.

कुणाकडे वाळलेला शिसवीचा तुकडा असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन.